न्यायाच्या प्रश्नापासून बाप्तिस्म्याच्या पाण्यापर्यंत

पुण्यातल्या मराठी उपासनेला पहिल्यांदा येणारा माणूस देवाच्या न्यायाला घाबरून आलेला नसतो. तो आजारपण घेऊन येतो, नवऱ्याची दारू घेऊन येतो, मुलीचं जमत नाही म्हणून येतो. शेजारच्या ताईंनी सांगितलेलं असतं, ‘आमच्या चर्चला चला, पाळकसाहेब प्रार्थना करतील.’ प्रार्थना होते, बरं वाटतं आणि दोन-तीन रविवारांनी प्रश्न येतो, ‘मग बाप्तिस्मा कधी देता?’ बाप्तिस्मा वर्ग घेणाऱ्या आम्हा मंडळींचं खरं काम या प्रश्नापासून सुरू होतं. उत्तर आहे, ‘इतक्यात नाही.’

कारण या घटकेला त्या माणसाच्या मनात नवस असतो. गुण आला, आता फेडायचं. येशूने पुष्कळांना बरं केलं, हे खरंच आहे. पण लूकच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात आणि परत येतो एकच. ‘तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे’ हे त्या एकालाच ऐकायला मिळतं. मागणं पुरं होणं आणि तारण होणं, म्हणजे पापाच्या शिक्षेतून सुटणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पहिल्या बैठकीत स्पष्ट झालं नाही तर पुढचं सगळं बांधकाम वाळूवर होतं. पुढचा आजार आला आणि तो बरा झाला नाही की माणूस उपासनेला यायचा बंद होतो, आणि त्याच्या बाजूने बघितलं तर ते बरोबरच असतं. त्याचा सौदा मोडलेला असतो.

म्हणून आधी वाचन. मार्ककृत शुभवर्तमान सोळा अध्यायांचं आहे. मोठ्याने वाचलं तर दोन तासांच्या आत संपतं. आम्ही ते एका दमात नाही, आठवड्याला दोन अध्याय असं वाचतो, म्हणजे दोन महिने लागतात. घाई करू नये. वाचणाऱ्याने दर वेळी तीनच गोष्टी वहीत लिहायच्या: येशू काय म्हणाला, त्याने काय केलं, लोक त्याच्यावर का चिडले. तिसऱ्या रकान्यातून फार शिकायला मिळतं. दुसऱ्याच अध्यायात छप्पर उसकटून पक्षाघाती माणूस खाली सोडतात आणि येशू त्याला आधी ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असं म्हणतो. चालायला सांगतो ते नंतर. आजारपण घेऊन आलेल्या माणसाला हा क्रम खटकतो. खटकला की समजावं, वाचन आत जातंय.

प्रकटीकरणाच्या पुस्तकापासून सुरुवात करायची नाही. काही उत्साही बंधू पहिल्याच भेटीत विसावा अध्याय उघडतात: मोठं पांढरं राजासन, उघडलेली पुस्तकं, जीवनाच्या पुस्तकात नाव न सापडलेल्यांसाठी अग्नीचं सरोवर. तो अध्याय पवित्र शास्त्रात आहे आणि आम्हीही तो वर्गात वाचतो, पण शेवटी. ज्याला न्यायाधीश कोण हेच ठाऊक नाही, त्याला शिक्षेचं वर्णन ऐकवून नुसती धडकी भरते. धडकीने माणूस हात वर करतो, कार्डावर सही करतो आणि भीती ओसरली की सगळं ओसरतं.

मार्क संपला की निर्गम २० आणि मत्तय ५. दहा आज्ञा, आणि त्या आज्ञांचं येशूने जे केलं ते. खून करू नको, एवढंच नाही तर भावावर रागावणाराही न्यायसभेच्या दंडास पात्र. व्यभिचार नजरेतूनच सुरू होतो. इथवर ‘मी कुणाचं वाईट केलं नाही’ म्हणणारा माणूस गप्प होतो किंवा वाद घालतो. दोन्ही चालतं. हसून ‘हो हो, बरोबर आहे’ म्हणणाऱ्याबद्दल मात्र आम्हाला काळजी वाटते.

या टप्प्यावर एक कागद देतो. आखीव, फुलस्केप, दोन्ही बाजूंनी कोरा. घरी जाऊन एकेका आज्ञेपुढे लिहायचं. नाव घालायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही, आम्हालाही नाही. पहिल्या वेळी कागदावर येतं ते ठरलेलं असतं: खोटं बोललो, आईवर ओरडलो. आठवड्याने त्याच कागदावर पुन्हा बसायला सांगतो. तेव्हा खरी पापं उतरतात आणि ती बहुधा पैशाची आणि जमिनीची असतात. गावच्या सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कमी करण्यासाठी तिच्याकडून घेतलेलं हक्कसोडपत्र, ‘राखी बांधतेस ना मला?’ असं म्हणून. भिशीच्या हिशेबात मारलेले पैसे. कामवाल्या मावशींच्या कापलेल्या खाड्यांचे रुपये. कागद आम्ही वाचत नसल्याने हे कळायचं कारण नाही, पण लोक आपण होऊन बोलतात, कारण पुढचा प्रश्न त्यांना पडलेलाच असतो: हे परत करायला लागेल का?

लागेल. लूक १९ मधल्या जक्कय या जकातदाराने येशू घरी आल्यावर चौपट परत करण्याचं बोलून दाखवलं. क्रम नीट बघा: येशू आधी आला, पैसे नंतर निघाले. परतफेडीने तारण विकत मिळत नाही, पण तारण झालेल्या माणसाला बहिणीच्या हिश्श्यावर झोप लागत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असेल तर नुसती माफी पुरत नाही. वकिलाकडे जाऊन बक्षीसपत्र किंवा वाटपपत्र करावं लागतं, मुद्रांक शुल्क लागतं, आणि बायको-मुलांना आधी सांगावं लागतं, नाहीतर घरात वेगळंच महाभारत होतं. वर्गात हे बोलायला वेळ गेला तरी चालतो. पश्चात्तापाचं प्रवचन ऐकण्यापेक्षा एक बक्षीसपत्र नोंदवणं अवघड असतं.

आता मुख्य अडचण. मराठी मनात न्याय नाही असं नाही, उलट तो फार पक्का आहे. करावं तसं भरावं. पण तिथे हिशेब आपोआप चालतो. तिथे रागावलेलं, दुखावलेलं असं कुणी नाही, आणि हा जन्म चुकला तर पुढचा आहे. इब्री लोकांस पत्र ९:२७ म्हणतं, माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय. एकदाच. आणि ज्याच्यापुढे उभं राहायचं तो कायद्याचं पुस्तक नाही. त्यानेच आपल्याला घडवलं आणि आपण त्याच्याकडेच पाठ फिरवली. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं. एव्हाना त्याने एकाची बायको पळवलेली आणि त्या माणसाला मारवलेलं असतं. तरी तो देवालाच म्हणतो, तुझ्याविरुद्ध. हा मुद्दा उतरायला वेळ लागतो. न्याय म्हणजे तराजू नसून भेट आहे, हे समजलं की पुण्य जमवून पारडं फिरवण्याची कल्पना आपोआप गळून पडते. दुखावलेल्या बापापुढे कुणी देणगीच्या पावत्या काढत नाही.

वारकरी घरातून आलेल्यांना हे लवकर उमगतं, असं आमचं निरीक्षण आहे. संतांच्या वाणीत स्वतःच्या पापाची लाज आणि कृपेची भूक आधीपासून आहे. नारायण वामन टिळक तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत, ते उगाच नाही. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला आणि त्यांनी रचलेली गीतं आजही पुण्यातल्या मराठी उपासनांत गायली जातात. ज्याच्या घरी हरिपाठ होता त्याला आम्ही तो विसरायला सांगत नाही. तिथे जो प्रश्न विचारला गेला, तोच घेऊन पौलाचं रोमकरांस पत्र उघडायला सांगतो.

रोमकरांस पत्राचे पहिले तीन अध्याय सरळ बसून वाचायचे. पहिल्यात मूर्तिपूजक दोषी, दुसऱ्यात त्यांना नावं ठेवणारा धार्मिक दोषी, तिसऱ्यात सगळेच. जन्मापासून ख्रिस्ती असलेली, मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली मुलंही आमच्या वर्गात बसतात, आणि दुसरा अध्याय त्यांच्यासाठीच आहे असं आम्ही तोंडावर सांगतो. आजोबा सुवार्तिक होते म्हणून न्यायात सूट नाही. ३:२० पर्यंत वाचून पुस्तक मिटायचं आणि आठवडाभर तिथेच थांबायचं. नियमशास्त्राच्या कर्मांनी कुणीही नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरत नाही, एवढ्यावर सात दिवस. मग ३:२१, ‘पण आता’. या दोन शब्दांची वाट बघायला लावल्याशिवाय ते कानावर नीट पडत नाहीत.

क्रूस समजावताना सगळ्यात जास्त गडबड ठरलेल्या दाखल्याने होते. न्यायाधीश आरोपीला दंड ठोठावतो, मग खाली उतरून स्वतःच्या खिशातून भरतो. दाखला वाईट नाही, पण अर्धवट सांगितला की लोकांच्या डोक्यात तिसराच माणूस उभा राहतो: बाप रागीट, मुलगा दयाळू, मुलगा मध्ये पडला म्हणून आपण वाचलो. योहान ३:१६ याच्या उलट आहे. प्रीती बापानेच केली आणि म्हणून पुत्र दिला. यशया ५३ वाचताना आम्ही दर वाक्यात ‘आमच्या’ कुठे येतं त्याखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावतो: आमचे व्याधी, आमचे क्लेश, आमचे अपराध. मग कोण कुणाच्या जागी उभा आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. रोम ३:२६ म्हणतं की देव स्वतः न्यायी राहून विश्वास ठेवणाऱ्याला नीतिमान ठरवतो. पाप दुर्लक्षिलं जात नाही, त्याचं मोल चुकवलं जातं, आणि चुकवणारा देवच आहे.

दुसरी गडबड देव्हाऱ्यातली. येशूचा फोटो आणला, इतर देवांशेजारी लावला, हार घातला. यात वाईट हेतू नसतो, घरात नवा देव आला की असंच करतात. पण प्रेषितांची कृत्ये ४:१२ दुसऱ्या कुणाकडून तारण नाही असं म्हणतं, आणि ज्याला हे पटत नाही त्याने बाप्तिस्मा घेऊ नये. त्याने उपासनेला जरूर यावं, वर्षानुवर्षं यावं.

आता प्रत्यक्ष वळणाची घडी. संजीवन सभेत, म्हणजे लोकांना विश्वासाकडे बोलावणाऱ्या मेळाव्यात, वक्ता म्हणतो, माझ्यामागून ही प्रार्थना म्हणा, आणि शंभर जण म्हणतात. त्यातल्या काहींचं खरोखर तारण होतं, प्रार्थनेच्या शब्दांमुळे नव्हे. लूक १८ मधल्या जकातदाराची प्रार्थना एका ओळीची आहे: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ तो नीतिमान ठरून घरी गेला. वर्गात आम्ही कुणाला पाठ केलेली प्रार्थना म्हणायला लावत नाही. आज्ञांपुढे पापं लिहिलेला तो कागद समोर ठेवून स्वतःच्या भाषेत देवाशी बोलायला सांगतो, एकट्याने, घरी जमत नसेल तर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खोलीत. काय बोलावं सुचत नाही म्हणणाऱ्याला तीनच दिशा देतो: हे मी केलं, त्याची शिक्षा ख्रिस्ताने माझ्या जागी सोसली हे मी मानतो, यापुढे माझा धनी तो. नंतर कागद फाडायचा किंवा जाळायचा. इमारतीच्या गच्चीवर जाळू नका, वॉचमन वर येतो.

रडू आलं तर आलं, नाही आलं तर नाही. पश्चात्ताप आणि हळहळ यांत फरक आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सातव्या अध्यायात दोन दुःखं सांगितली आहेत, एक तारणाकडे नेतं, एक मरणाकडे. येशूला धरून देणारा यहूदा पस्तावून फासावर गेला, त्याला नाकारणारा पेत्र रडून परत आला. दुःख दोघांचं खरंच होतं. कुणाकडे वळला हे बघायचं.

‘मला काही जाणवलं नाही, म्हणजे झालं नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. पंडिता रमाबाईंचं उदाहरण आम्ही इथे देतो. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. इतकं काम चालू असताना, पुण्यात आल्यावर त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. तारणाची निश्चिती त्यांना बाप्तिस्म्यानंतर सात-आठ वर्षांनी आली. केडगावचं मुक्ती मिशन त्यानंतरचं. संस्कार, समज आणि खात्री या तिन्ही गोष्टी एकाच तारखेला येतील असं नाही.

पुण्यात कुठे जायचं यावर फार लिहीत नाही. रोमन कॅथलिक वाट वेगळी आहे आणि शिस्तीची आहे. प्रौढांना टप्प्याटप्प्याने घेतात, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवड होते, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी परीक्षणविधी, आणि पुनरुत्थानाच्या (ईस्टरच्या) आदल्या रात्रीच्या जागरणविधीत स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), दृढीकरण (विश्वास पक्का करण्याचा विधी) आणि ख्रिस्तप्रसाद (प्रभुभोजन) एकत्र. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चची जागा पेशव्यांनी १७९२ मध्ये दिली, तेव्हा ही परंपरा पुण्याला नवी नाही. उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) १९७० मध्ये सहा मंडळ्यांच्या एकीकरणातून झाली. तिच्यात बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात, आणि प्रभुभोजनाआधी, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याआधी, बिशपांच्या हातून दृढीकरण होतं. गुरुवार पेठेतलं पंचहौदचं चर्च, १८८५ सालचं, याच परंपरेतलं. स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या बुडवून बाप्तिस्मा देतात, आणि काही अगदी झटपट देतात. आमचं मत विचाराल तर जी मंडळी तुम्हाला पाण्यात उतरवण्याची घाई करते आणि नंतर तुमचं नावही विसरते, तिथून लांब राहा.

पंचहौद म्हटलं की पुणेकराला चहा आठवतो. १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आदी मंडळींच्या पुढे चहा-बिस्किटं आली आणि त्यावरून प्रायश्चित्ताचं केवढं प्रकरण पेटलं. आज चहावरून कुणी बहिष्कार घालत नाही, पण घरात कळल्यावर जे होतं ते कमी नसतं. तेव्हा घरच्यांना बाप्तिस्म्यानंतर सांगू नका, आधी सांगा. सासूबाईंचे देव उचलून नदीत टाकू नका, ते तुमचे नाहीत. स्वतः पूजेला बसणं थांबवा, आणि का ते शांतपणे सांगा. प्रसादाचा प्रश्न करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात सविस्तर आहे, आणि त्यावर ख्रिस्ती लोकांतही एकमत नाही. मंगळसूत्र काढायची गरज नाही; मराठी ख्रिस्ती बायका घालतात, कितीतरी जणींच्या मंगळसूत्रात क्रूस असतो. स्वयंपाक, आजारपण, दिवाळीची साफसफाई यांत पहिल्यापेक्षा जास्त हात लावा. घरचे प्रवचन ऐकत नाहीत, पण कोण भांडी घासतं ते बघतात.

कागदपत्रांकडे वळू. बहुतेक जबाबदार मंडळ्या अठरा वर्षांखालच्या मुलाला आईवडिलांच्या संमतीशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत. प्रौढाकडून स्वहस्ते लिहिलेला अर्ज घेतात: कुणी आमिष दाखवलं नाही, दबाव आणला नाही, स्वखुशीने. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य आणि धर्म मानण्याचा, आचरण्याचा, प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितलं. म्हणून कुणी शाळेची फी, नोकरी, गोळ्यांचा खर्च असं काही बाप्तिस्म्याशी जोडून बोललं तर तिथल्या तिथे उठा. अर्ज देण्याआधी चालू नियम वकिलाला विचारावेत.

आणि ही गोष्ट आम्ही पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाला समोर बसवून सांगतो. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहे. ख्रिस्ती झालेल्याला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा स्पष्ट केलं. चर्चला जाऊन, बाप्तिस्मा घेऊन कागदावर मात्र हिंदू राहून सवलत घेणं हा खोटेपणा आहे, आणि न्यायापासून वाचायला निघालेल्या माणसाने तो करू नये. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. विवाहितांनी हेही लक्षात घ्यावं की हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचं धर्मांतर हे घटस्फोटाचं कारण आहे. वडिलांच्या मालमत्तेतला तुमचा स्वतःचा वारसा धर्मांतराने जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांकडून वारसा मिळण्यावर बंधन येतं. धर्मबदलाची नोंद महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात करता येते. नाव बदलणं सक्तीचं नाही. बाप्तिस्म्याने मंडळीच्या पुस्तकात नाव येतं, सरकारी कागदावर आपोआप काही बदलत नाही. हे सगळं ऐकून काही जण थांबतात. थांबू द्यावं.

बाप्तिस्म्याचा दिवस. ओतून देणाऱ्या मंडळीत फारसं काही करायचं नसतं. बाप्तिस्मापात्राशी उभं राहायचं, मान झुकवायची, तीनदा पाणी. बुडवण्याच्या बाप्तिस्म्याला तयारी लागते. व्यासपीठाखालचा हौद साधारण सात फूट लांब, चार फूट रुंद असतो. कमरेएवढं म्हणजे तीन फूट पाणी भरलं तर सुमारे २,४०० लिटर लागतं. नळाला पाणी कमी दाबाने येत असेल तर आदल्या दिवशी दुपारीच भरायला घ्यावं, आणि पाणीकपात असेल तर टँकर सांगून ठेवावा. डिसेंबरात रात्रभर साठलेलं पाणी बर्फासारखं होतं. चार-सहा बादल्या कढत पाण्याने हौद गरम होत नाही, पण वयस्कांना निदान दचकायला होत नाही. नदीवर जायची हौस असेल तर शहरातल्या मुठेत उतरू नका. धरणाच्या पाण्यात पाय टाकण्याआधी परवानगी आणि तळाचा उतार दोन्ही बघा, कारण गाळात पाय रुतला की वर येणं अवघड.

कपडे गडद रंगाचे, जाड सुती. पांढरं भिजलं की पारदर्शक होतं. साडीचा परकर पाण्यात फुग्यासारखा वर येतो, म्हणून भगिनींनी सलवार-कमीज घालावी, ओढणी पिनांनी पक्की. श्रवणयंत्र, मोबाइल, चष्मा, खिशातली औषधाची पट्टी बाहेर. फेफरं, हृदयविकार, ताजी शस्त्रक्रिया असेल तर आधी सांगावं. पायऱ्यांशी एक भगिनी चादर उघडून उभी हवी. वायरचा माइक हौदाजवळ अजिबात नको. विजेचा धक्का ही कल्पनेतली भीती नाही.

आत उतरल्यावर पाळकांकडे बाजू करून उभं राहायचं. उजव्या हाताने नाक धरायचं, डाव्याने उजवं मनगट. पाळकांचा एक हात पाठीवर खांद्यांच्या मधोमध असतो, दुसरा तुमच्या हातांवर. प्रश्न विचारले जातात: पापाचा आणि सैतानाच्या कामांचा त्याग करता का, प्रभू येशू ख्रिस्त आपला तारणारा आणि प्रभू आहे असं मानता का, त्याच्या मागे चालाल का. उत्तर मोठ्याने, पाठीमागच्या बाकापर्यंत. मग पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, आणि मागे. गुडघे वाकवा. ताठ पडलं की पाय वर येतात, डोकं आपटतं आणि पाळकांची कंबर जाते. वजनदार माणसासाठी दोघे जण लागतात. श्वास शेवटच्या शब्दाला घ्यायचा. प्रश्न सुरू असतानाच कोंडून धरला तर बुडण्याआधीच धाप लागते. पाण्याखाली एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ जात नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात याचा अर्थ आहे: ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि त्याच्याबरोबर उठणं. म्हणून कोरडा राहिलेला एखादा कोपरा शोधून पुन्हा बुडवायचा आग्रह धरणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये.

पाण्याला पाप धुण्याची शक्ती आहे असं आम्ही शिकवत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या एका चोराला बाप्तिस्म्याची सवडच नव्हती, आणि येशू त्याला त्याच दिवशी सुखलोकात नेतो. पण सवड असताना टाळणाऱ्याला तो चोर आधार देत नाही.

नंतरचे सहा-आठ आठवडे अवघड असतात, आणि त्याबद्दल आधी कुणी बोलत नाही. जुना राग परत येतो, दारूची ओढ परत येते आणि माणूस घाबरतो: म्हणजे न्याय टळलाच नाही की काय? इथे दोन ठिकाणं पाठ करून घेतो. योहान ५:२४, विश्वास ठेवणारा न्यायाला न जाता मरणातून जीवनात पार गेला आहे. गेला आहे, झालेली गोष्ट. आणि रोम ८:१, ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना आता दंडाज्ञा नाही. तरी करिंथकरांस दुसरं पत्र ५:१० म्हणतं की आपणा सर्वांना ख्रिस्ताच्या न्यायासनापुढे प्रकट व्हायचं आहे. यात विरोध नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सोनं, लाकूड आणि पेंढा यांची परीक्षा अग्नीने होते. काम जळतं, माणूस वाचतो, पण अग्नीतून बाहेर पडावा तसा. विश्वासणाऱ्याच्या कामाचा हिशेब आहे, त्याच्या जिवाचा निवाडा क्रूसावर झालेला आहे.

पडलेला माणूस सहसा उपासना चुकवतो, मग लाजेने आणखी चुकवतो. तेव्हा पाळकांनी किंवा वर्ग घेणाऱ्याने घरी जावं, फोनवर भागवू नये. योहानाचं पहिलं पत्र १:९ वाचावं, पाप पदरी घेतलं तर क्षमा करायला तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, आणि ज्याचं नुकसान झालं असेल त्याच्याकडे सोबत जावं. अशा वेळी कुणी हटकून विचारतं, ‘पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का, या वेळी नीट?’ नाही. बाप्तिस्मा एकदाच. पापाची कबुली द्यावी, समेट करावा आणि पुढच्या प्रभुभोजनाला मेजाशी यावं.